केसरीनाथशेठचं मशिन आणि येणारे साहेब

भिवंडी,
२२ ऑक्टोबर २००५

तीर्थस्वरूप माईस,

अंगावरचं सूत आणि धामणकर नाक्याची धूळ झटकून नीरजाचा नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा दमा आणि शेजारणीचा स्वभाव यांपैकी काय सुधारलं ते कळव. मी बरी आहे, म्हणजे लोडशेडिंगमध्ये माणूस बरा असतो तितपत.

दापोड्याच्या केसरीनाथशेठनी (गोदामांच्या भाड्यातून पुण्य कमवायची इच्छा झाली) आईच्या नावाने प्रसूतिगृह काढलंय. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारं मशिन आहे. यंदा खंडेनवमीला ट्रक आणि वजनकाटा यांच्याबरोबर शेठनी त्याचीही पूजा केली. बाळाच्या अंगाला चिकटवायची तापमानाची तार त्यांना मशिनचं कपाळ वाटली. तिला ओलं कुंकू थापलं. तेव्हापासून ते जे बोंबलायला लागलं ते थांबेना, म्हणून प्लग काढून हार तेवढा ठेवलाय. दहा मिनिटांचं काम आहे, माई. ते करायला मी तीनदा गेले.

पहिल्या खेपेस तिथल्या कमळा सिस्टरने मी हत्यारांची पेटी पोटाशी धरलेली पाहून माझा केसपेपर काढला आणि कितवा महिना विचारला. (चव्वेचाळिसाव्या वर्षी एवढा विश्वास माझ्यावर कोणी दाखवला नव्हता.) दुसऱ्या खेपेस शेठ म्हणाले, "ताय, तुमी बसा, चा प्या. इंजिनेर येवंदे." मी म्हटलं, इंजिनिअर मीच. "हां, हां. पन सायेब कवा येनार?" तिसऱ्या खेपेस पेटी आत आणून देणाऱ्या रिक्षावाल्याला त्यांनी खुर्ची दिली आणि मशिन दाखवलं. तो बिचारा पूर्वी लूमवर होता. "सेठ, इसका कॉइल गया है," म्हणाला. शेठनी माझ्याकडे वळून, "बगा," एवढंच म्हटलं. वीस वर्षं मी हीच मशिनं उघडतेय; त्या दिवशी मला एक स्क्रूसुद्धा फिरवू दिला नाही. साहेबासमोर उघडायचं, असा शेठचा हुकूम आहे.

मला याचं हसू आलं असतं. पण परवा तिथे सातव्या महिन्यातलं बाळ जन्मलं. कमळाने त्याला पोलक्याच्या आत उराशी धरलं आणि रिक्षाने ठाण्याचं इस्पितळ गाठलं. ते वाचलं. पुढचं बाळ वाचेल अशी खात्री कमळाला नाही, मला तर नाहीच. आणि मशिन तिथेच, झेंडूच्या हारात, निर्लज्जासारखं उभं आहे.

बाकी क्षेम. थोरांस नमस्कार.

तुझी,
नीरजा

ता. क. सोमवारी भावोजींना पाठव. फ्यूज गेला की ते समई शोधतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी कशालाही हात लावायचा नाही. सफारी घालायचा, हात मागे बांधून दहा मिनिटं उभं राहायचं आणि मधूनमधून "हं" म्हणायचं. तेवढ्यात मी उरकते.

ता. ता. क. यातलं एक अक्षरही त्यांना सांगू नकोस. नीरजाला मशिनमधलं काही कळत नाही, तुम्हीच जाऊन बघा, एवढंच म्हण. लगेच निघतील.