तासाभराच्या आतलं घर

देवनहळ्ळी, बेंगळुरू
६ मार्च २०२५

ती. अण्णा,

साष्टांग नमस्कार. दिपालीवहिनीलाही नमस्कार. ऋतिकाला एक पापा दे. आता कॉलेजात आहे, चिडेल, तरी दे. आईला मात्र हे पत्र आलंय एवढंही सांगू नकोस. का ते पुढं येईलच.

मी बरी आहे. विमान चालवणारी बाई पोस्टानं पत्रं कसली पाठवते, म्हणून तू हसशील. पण आज माझा स्टँडबाय आहे. म्हणजे आज माझ्या नावावर विमान नाही, पण कुणी पायलट आजारी पडला किंवा कुठं अडकला तर कंपनी मला बोलावणार, आणि फोन आल्यापासून तासाभरात मी विमानतळावर हजर पाहिजे. तोवर फोन मोकळा ठेवायचा. दुसरं म्हणजे तू माझा फोन नेहमी स्पीकरवर घेतोस आणि शेजारी आई असते. मला जे बोलायचंय ते स्पीकरवर बोलण्यासारखं नाही.

इथं आम्ही चौघीजणी एका फ्लॅटमध्ये राहतो. चौघी पायलट आणि न्हाणी एक. ज्या दिवशी जिचा स्टँडबाय, तिनं आधी अंघोळ करायची, आणि फोन साबणाच्या डबीशेजारी ठेवून करायची, असा आमचा कायदा आहे. गणवेश इस्त्री करून दाराला टांगलेला, बॅग भरलेली. बेंगळुरूत इतकी वर्षं काढली, पण बेंगळुरू काही पाहिलं नाही. गावात गेलं आणि गर्दीत अडकलं की संपलं. आम्ही कुठं राहायचं हे आमच्या आवडीवर नाही, रस्त्यावरच्या गर्दीवर ठरतं.

दिवाळीत हे सगळं सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास, आठवतं? "घरात बसून पगार घेतीस व्हय गं? मग आमच्या म्हशीबी स्टँडबायवरच हायत की!" सगळे हसले. आई सगळ्यांत जास्त हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. मीही हसले. त्या दिवशी मला तुझं सगळंच गोड वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघं गच्चीवर शेंगा वाळत घालत होतो. तिथं मी तुला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आनंदाची. कंपनी बेळगावला एक लहान विमान कायम ठेवणार होती आणि ते चालवणारे पायलट तिथंच राहणारे हवे होते. माझ्यासारख्या को-पायलटची एक जागा होती. अट एकच. स्टँडबायला असताना तासाभरात पोचता येईल असं घर पाहिजे.

"अगं येडे," तू म्हणालास, "इमान आपल्या भितीला लागून हुबं ऱ्हातंय. तास कशाला पायजे? चप्पल घालूस्तवर पोचतीस तू." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "माडीवरची खोली तुझीच हाय. आप्पांनी तुझ्यासाठीच बांधल्याली. गिलावा करून घेतो, तू ये."

आप्पांचं नाव तू काढलंस, म्हणून मी निर्धास्त झाले. धावपट्टी वाढवताना आपलं खालचं शेत गेलं, तेव्हा आप्पा आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. आणि मी पायलट व्हायला निघाले तेव्हा तेच आप्पा गावभर सांगत सुटले, "माझी पोर माझ्याच शेतात उतरणार हाय." भरमू लोहाराकडून त्यांनी माडीच्या खिडकीच्या गजांत पत्र्याचं विमान बसवून घेतलं. एक पंख वाकडा झाला. भरमूशी भांडले, पण बदललं नाही. म्हणाले, वाऱ्यात असंच वाकडं होत असेल.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला जसं कळलं तसं सांगते.

जानेवारीत कंपनीचा माणूस बेळगावला गेला. अर्ज केलेल्यांनी दिलेल्या पत्त्यावर ते खरंच राहणार आहेत का, हे बघायला. आपल्या घरीही आला. तू त्याला चहा दिलास, कुंदा दिलास. तो कन्नड माणूस, त्यानं कन्नडमध्ये विचारलं, त्या इथंच राहणार ना? आणि तू सांगितलंस, "इल्ल री, अकी मनी निप्पाणी." नाही हो, तिचं घर निपाणी.

जागा गेली. निपाणीहून सांबऱ्याला, आपल्या गावच्या विमानतळावर, तासाभरात पोचायचं तर विमानच पाहिजे.

त्या साहेबांनी मला फोन करून विचारलं, तुम्ही चुकीचा पत्ता का दिलात? मी तुझी बाजू घेतली अण्णा. म्हटलं, सर, आमच्याकडं असंच बोलतात. लग्न झालेल्या पोरीचं घर कुठं म्हणून विचारलं तर कुणीही सासरचंच गाव सांगणार. माझ्या भावाला वाटलं असेल, तुम्ही पाहुणे म्हणून विचारताय. साहेब हसले, पण कागद पुढं गेले होते. रात्री तुला फोन केला तर तू म्हणालास, "चुकून तोंडातनं गेलं गं, सवय हाय." मी म्हटलं, असू दे. रडले, पण ते जागेसाठी. तुझ्यावर रागावले नव्हते. उलट मैत्रिणींना किस्सा म्हणून सांगितला आणि आम्ही चौघी खूप हसलो.

गेल्या आठवड्यात श्रेयस भेटला. बेळगावची ती जागा ज्याला मिळाली तो. नागपूरचा मुलगा, सरळ स्वभावाचा. ट्रेनिंगला इथं आला होता. म्हणाला, मॅडम, मला बेळगावात नशिबानं घर मिळालं, विमानतळाच्या भिंतीलाच लागून. घरातल्या आजी मसुराची आमटी आणि भाकरी वर आणून देतात. असं म्हणून त्यानं खिडकीतून काढलेला धावपट्टीचा फोटो दाखवला.

फोटोत धावपट्टीच्या अलीकडं पत्र्याचं विमान होतं. एक पंख वाकडा.

मी फोटो मोठा करून पाहिला. तो बोलतच होता. घरमालक फार अभिमानानं सांगतात म्हणे, माझी बहीणही पायलट आहे. कंपनीचा माणूस दोनदा विचारून गेला, ती येणार का म्हणून, पण "तिला हिकडं यायचंच न्हवतं, तिचा संसार निपाणीला झ्याक चाललाय," असं मालक म्हणतात.

दोनदा विचारलं होतं, अण्णा. चुकून एकदा तोंडातून जातं. दुसऱ्यांदा विचारल्यावर माणूस विचार करून बोलतो.

आणखी एक सांगितलं त्यानं. आई भाकरी द्यायला जिना चढून वर जाते, गुडघे धरत, आणि त्याला रोज विचारते, "बाबा, तुमची कंपनी माझ्या पोरीला हिकडं का पाठवीत न्हाय रं? तिनं काय वाईट केलंय त्यांचं?"

माझी आई कंपनीला शिव्या देते आहे आणि तू खाली बसून ऐकतो आहेस.

आता ती दुसरी गोष्ट. गच्चीवर सांगितलेली. या पत्रातसुद्धा मी तिच्याभोवती फिरत राहिले, बघ. मी निपाणी सोडली आहे. रघुवीरचं घर गेल्या पावसाळ्यातच सोडलं, कायमचं. तो वाईट माणूस नाही. लग्नाआधी म्हणाला होता, वकिली बेंगळुरूला हलवतो. लग्नानंतर म्हणाला, त्यापेक्षा तू नोकरी सोड. त्याच्या आई, सरोजिनीबाई, मला येता-जाता म्हणायच्या, "आल्या का पाहुण्या?" एक दिवस मी पाहुणीसारखीच बॅग उचलली आणि निघाले. हे जगात फक्त तुला सांगितलं. आईला नाही, मैत्रिणींना नाही. तू शेंगा पसरता पसरता थांबलास आणि म्हणालास, "मी हाय की. घाबरू नगं."

म्हणजे त्या साहेबाला "तिचं घर निपाणी" सांगताना तुला पक्कं ठाऊक होतं, की निपाणीत माझं घर उरलेलं नाही. मला कुठंच घर नाही हे माहीत असलेला तू एकटाच होतास.

मी वहिनीला फोन केला. ती बिचारी रडायलाच लागली. एवढंच म्हणाली, "वन्सं, ऋतिकाला बघायला पावणं येणार हायत. घरात तुमी दिसला तर काय सांगायचं, असं म्हणाले हे." मला वाटलंच होतं. अण्णा, तू मला हे तोंडावर सांगितलं असतंस ना, की सोमे, पोरीचं लग्न होईस्तोवर थांब, तर मी भांडले असते, आकांडतांडव केलं असतं, आणि शेवटी थांबलेही असते. ऋतिकासाठी थांबले असते. तू विचारलं नाहीस. मला ये म्हणालास, खोलीला गिलावा केलास, आणि दारात आलेल्या माणसाला माझा पत्ता खोटा सांगितलास. वर ती खोली दुसऱ्या पायलटला दिलीस. बाहेरचा परका पोरगा चालतो, कारण त्याच्याबद्दल पाहुणे काही विचारत नाहीत.

माझा फार विश्वास होता रे तुझ्यावर.

बरं. आता बातमी ऐक. बेळगावला आणखी एक जागा निघाली, आणि ती मला मिळाली आहे. एक एप्रिलपासून मी तिकडं येते. सांबऱ्याला नाही, काकतीला. रुक्माबाई म्हणून एकट्या राहणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडं खोली घेतली आहे. तिथून रस्त्यानं विमानतळ तासाच्या आत येतो. घर ठरवायला गेले तेव्हा त्यांनी नवऱ्याचं विचारलं. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जेवून जा."

परवा तेच साहेब पुन्हा तपासायला गेले. त्या इथंच राहणार ना, विचारलं. मी सामानसुद्धा नेलेलं नाही अजून. पण रुक्माबाई म्हणाल्या, "व्हय, हितंच ऱ्हाती ती. किल्ली दिल्या की तिला." साहेबांनीच फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन रडले.

आता लोक तुला विचारतील, सांबऱ्याची पोरगी, भावाचं घर विमानतळाला चिकटून, आणि ही काकतीला भाड्यानं का राहते? तू काय सांगायचं ते सांग. मला विचारतील त्यांना मी खरंच सांगेन. ऋतिकाच्या पाहुण्यांपासून मी लांब राहीन. तेवढं तिच्यासाठी, तुझ्यासाठी नाही.

आईला मी येऊन सगळं सांगणार आहे. तोवर कंपनीला शिव्या देऊ दे तिला, कंपनीला लागत नाहीत. ऐकल्यावर ती माझ्याबरोबर येते म्हणाली, तर तिची पिशवी तू भरून दे. आणि खिडकीतलं विमान काढून ठेव. श्रेयसला विचारून काढ, खोली आता त्याची आहे.

नेहमीसारखं 'तुझी लाडकी सोमी' लिहायला गेले, पण हात चालला नाही. पाकिटामागं आप्पांचं नाव लावून माझा पत्ता लिहिला आहे. तुझी बहीण कुठं राहते असं कुणी विचारलं, तर त्यावर बघून सांग.

सौम्या भावकू धर्मोजी
मु. पो. काकती