चार वाजताची चहागाडी

२ मार्च
निवृत्त होऊन दोन दिवस झाले. विश्रांती पुरे. उभा जन्म विमा कंपनीत लोकांच्या अपघातांचे क्लेम तपासले. कोणाचाही निष्काळजीपणा लांबून ओळखतो. आता स्वतःचं काही उभारणार. बागेत छोटी रेल्वे. खेळणं म्हणायचं नाही, मॉडेल म्हणायचं.

ही अजून घरावरून फुगलेली आहे. घर म्हणजे जुनी पाण्याची टाकी. गोल, उंच, दगडी. हौसेने घेतली. गोल भिंतीला कपाट टेकत नाही, मागे पडलेली वस्तू परत मिळत नाही. झोपायची खोली वर, पूर्वी पाणी असायचं तिथे. ती घुमते. ही एकदाच बोलते, मला दोनदा ऐकू येतं.

५ मार्च
बोलता बोलता तोंडातून निघून गेलं की, बागेतल्या बाकावर बसल्या जागी तुला गाडीने चहा येईल. हिने नेमकं तेच धरलं. अट घातली. लग्नाच्या वाढदिवसाला, २० मेला, दुपारी चारला स्वयंपाकघरातून निघालेला चहा गाडीने तिच्या हातात पोचला, तर टाकीत राहू. नाही पोचला, तर टाकी विकून पुन्हा फ्लॅट.

मेहुणा साक्षीदार. भाऊजींनी सामानाची खोकी जपून ठेवावीत, असं म्हणाला. दुर्लक्ष केलं.

१२ मार्च
रोज पहाटे पाचला उठून काम करणार. आज आठला उठलो, पण लगेच कामाला लागलो.

२८ मार्च
स्वयंपाकघराच्या भिंतीतला बोगदा पूर्ण. वरचं पाणी पेलायला बांधलेली भिंत, मला दाद देत नव्हती. ड्रिलची बिटं तुटली, पातेल्यांवर धूळ बसली, ही माहेरी जाऊन आली.

बोगद्यातून पहिला प्रवासी आला तो शेजारचं मांजर. दूध पिऊन त्याच मार्गाने परत गेलं. म्हणजे दोन्ही दिशांची वाहतूक सुरळीत.

९ एप्रिल
रूळ टाकतोय. आता खरंच पहाटे. गारव्यात हात चांगला चालतो. सोबतच्या माहितीपुस्तिकेत लिहिलंय, दोन रुळांच्या जोडात थोडी फट ठेवा. का ठेवा? फटीवर चाक आदळणार, चहा हिंदकळणार. पुस्तिका लिहिणाऱ्याने कधी चहा वाहून नेलेला दिसत नाही. मी एकही फट ठेवली नाही. वर सगळं सिमेंटने पक्कं केलं. काम कसं, एकदाच आणि कायमचं.

२ मे
सकाळी सातला चाचणी. रिकामा कप बाकापर्यंत गेला! हिला हाक मारली. ती येईपर्यंत गाडी परत आत गेली होती. पुन्हा दाखवतो म्हटलं, तर म्हणाली, चहा घालून दाखवा. तिला तांत्रिक टप्पे कळत नाहीत.

९ मे
काल दुपारच्या उन्हात गुलाबाच्या वळणावर रूळ वाकडे दिसले. आज सकाळी पाहिलं, तर सरळ. म्हणजे चष्मा. नंबर वाढला असणार.

११ मे
चष्मेवाला म्हणतो, नंबर तोच आहे. त्याचं मशीन बिघडलंय. यापुढे दुपारी रुळांकडे बघायचं नाही.

१९ मे
मेहुणा मुक्कामाला आला. फिकट रंगाची नवी पँट. मोबाईलवर एका फ्लॅटचे फोटो घेऊन आलाय. चौकोनी खोल्या, भिंतीला टेकलेली कपाटं. ही ते फोटो जरा जास्तच वेळ बघत बसली. वरच्या खिडकीतून बाग बघत उभा राहिलो. मला ही टाकी सोडवणार नाही. हे हिला सांगायला हवं होतं. खोली घुमते म्हणून गप्प बसलो.

२० मे, संध्याकाळ
चारला गाडी सोडली. भरलेला कप, वर बशी झाकलेली. बोगदा पार. ही बाकावर हात पुढे करून बसलेली. मेहुणा गुलाबाच्या वळणावर ओणवा होऊन व्हिडिओ काढत होता.

तिथे रूळ उन्हाने वाढून, फट न मिळाल्याने, सिमेंट फोडून वर उचलले गेले होते. इंजिन त्यावर चढलं आणि उडालं. चहा पँटवर. मेहुणा बागेला गोल फेऱ्या मारू लागला, गाडीने मारायच्या तेवढ्या. ऑफिसात असतो, तर हा क्लेम मीच नामंजूर केला असता.

मी मान खाली घालून उभा. आणि ही हसायला लागली. बाक धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मग भावाला म्हणाली, ते फोटो पुसून टाक. चौकोनी घरात असलं काही बघायला मिळायचं नाही.

मी लगेच सुचवलं की, चहा कुटुंबातल्या माणसापर्यंत पोचला, म्हणजे अट पूर्ण झाली. ती म्हणाली, टाकी राहील, रेल्वे जाईल. त्या पट्ट्यात टोमॅटो लावणार. चारचा चहा मात्र बाकावरच हवा. रोज. कोणी आणायचा, हे विचारायचं धाडस केलं नाही.

२१ मे
चारला ट्रे घेऊन निघालो. गुलाबाच्या वळणावर उखडलेल्या रुळाला पाय अडखळला, चहा बशीत सांडला. बाकापाशी पोचलो, तर ही घड्याळ बघत होती.

गाडी लेट आहे, म्हणाली.