कोपरा फाडलेलं कार्ड

॥ श्री सिद्धनाथ ॥
म्हसवड, ता. ४-२-७६

चि. धोंडिरामास आक्काचे अ. उ. आ.

तुज्या मस्करीला आग लागो! कोपरा फाडलेलं कार्ड कवा धाडत्यात, हे तुला ठावं न्हाई व्हय? माणूस गेल्यावर. पोस्टमन उंबऱ्याभाईरनंच म्हणाला, मावशी, कार्ड घरात नेऊ नका. आई गेली असंच धरलं मी. तव्यावरची भाकर जळाली, शेजारच्या बनुबाईनं गळा काढला. माजी शालू बाळंतपणाला आलेली, नववा लागलाय, ती मटकन खाली बसली. आन् वाचून बघतीया तर काय, शिनेमा!

म्हणं, रेडिओवरच्या हेराचा रंगीत शिनेमा सांगलीत लागलाय. हेर बेलबाटम आन् काळा चष्मा घालून फटफटीवरनं उडतोय. त्यानं पत्राचा कोपरा फाडला की आतलं समदं उलटं समजायचं, ही त्याची खूण. म्हणून तूबी फाडलास आन् लिवलंस, आक्का लय गरीब सवभावाची हाय. मला हसू आलं न्हाई.

आपला रेडिओवरचा हेरच बरा हुता. ह्यांनी पलटणीतनं आणलेल्या रेडिओला कान लावून बसायचो, आई जात्यावरनं उठून यायची. तो नुसता खोकला तरी अंगावर काटा यायचा. त्याला कुठं फटफटी लागली?

आईचा खोकला कसा हाय ते खरं लिव. ती आपलं दुखणं लपवती आन् कार्ड मोठ्यानं वाचून घेतल्याबिगर टपालात टाकू देत न्हाई, ठावं हाय मला. तरीबी लिव.

माया हाय ती ऱ्हाऊ दे, अक्कल तेवढी वाढव.

तुजी आक्का,
हरणाबाई


॥ श्री ॥
माधवनगर, ता. १०-२-७६

सौ. आक्कास धोंडिरामचा शि. सा. न. वि. वि.

चुकलो. तुजं पत्र ऐकून आईनं माज्या पाठीत लाटणं घातलं. आता शेजारी बसून ती सांगतीया तसं लिवतोय. आई ठणठणीत हाय. दोन्ही वक्ताला दीड भाकरी खाती, मारुतीच्या देवळापतूर चालत जाती. खोकला कवाच गेला. शालू मोकळी हुईपतूर तू तिथनं हलायचं न्हाई, असं आई म्हणती.

तिलाबी शिनेमा दावला. म्हणाली, ह्याला धड खोकता येत न्हाई, ह्यो कसला हेर?

कोपरा फाडायचं मी सोडलं. आईच्या गळ्याची आण.

धाकट्यावरचा राग गिळावा, हात डोक्यावर असू द्यावा.

तुजा,
धोंडिराम


॥ श्री सिद्धनाथ ॥
म्हसवड, ता. १४-२-७६, शनवार

चि. धोंडिरामास आ.

आईच्या गळ्याची आण लिवलीस, आन् कार्डाचा कोपरा फाडलेलाच हाय!

पोस्टमनला इचारलं, पोत्यात फाटला का? त्यानं दावलं, घडी घालून, नखानं दाबून नीट फाडलाय. मस्करी म्हणावी, तर आईची खोटी आण तू कवा घेतली न्हाईस. पोरपणी वडलांचा मार खाल्लास, पर आण घेतली न्हाईस.

मग मी समदं उलटं वाचलं. आई उठत न्हाई. अन्न जात न्हाई. खोकला थांबत न्हाई. शेजारी बसून न्हाई, पडूनच सांगितलं असंल तिनं. आन् ती ऐकतीया म्हणून तुला लिवता येईना. आसंच ना? का शिनेमाची खूणच न्हाई ही, आन् आपल्या जुन्या रीतीनंच फाडलास? फुडचं माज्यानं लिववत न्हाई.

कार्ड चोळीत दडवलंय. शालूला म्हटलं, मामाचा पुन्यांदा शिनेमा. आन् हसले. ती हसली न्हाई. तवाधरनं माज्या मागं मागं हिंडतीया.

हे पत्र तू कामाला जातोस त्या गिरणीच्या पत्त्यावर टाकलंय, घरी नेऊ नको. घरी दुसरं कार्ड येईल. त्यात हाय, मला येळ न्हाई, मी येत न्हाई. आई ऐकाय असंल तर ते मोठ्यानं वाच. त्याचा कोपरा मीबी फाडलाय. तो तेवढा तू बघ, तिला दावू नको.

शालूपाशी बनुबाई थांबतीया. शुक्रवारची पयली यष्टी मी धरणारच. पर धावत यायचं का रडत यायचं, तेवढं मला आधी कळू दे. कोरं कार्ड धाड, एक अक्षर लिवू नको, तुज्या लिवण्यावर माजा इस्वास ऱ्हायला न्हाई. आई असंल, तर चारी कोपरे शाबूत ठिव.

गुरुवारच्या टपालाला. मी उंबऱ्यात बसून हाय.

आक्का