सावरीचा बर्फ

॥ श्री ॥
महाड, ता. १७ जानेवारी १९६३

चि. मुरारीस ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं, अक्षर सरळ आलेलं पाहून जीव थोडा भांड्यात पडला. सोबत तिळगूळ पाठवते आहे. पाक जरा पुढे गेला, तेव्हा दातांनी नको, खलबत्त्यानं खा.

संक्रांतीच्या बाजाराला आबा आणि आई वाडीवरून उतरून इथे आले होते. आईनं पायरीवरच मला धरलं आणि मुरारीचा पाय भरला का ते विचारलं. तारेत नुसतं जखमी, प्रकृती ठीक, एवढंच होतं ना. त्यावर मी पायाला लागलंय आणि भरतंय एवढं रचलेलं आहे. बर्फानं तुझा डावा पाय पुढून अर्धा कापावा लागला, हे तू मला डिसेंबरात लिहिलंस, ते या घरात फक्त मला आणि ह्यांना ठाऊक. आईच्या पानात भाकरी दोनदा वाढली रे, ध्यानच नव्हतं. तिला वाटतं मला हिवताप झालाय.

आता खरं संकट ऐक. आबांनी इथल्या भागोजीकडे तुझ्यासाठी वहाणा सांगितल्या आहेत. शिमग्याला तू येणार, पालखीला पहिला खांदा तुझाच, हे ते साऱ्या वाडीला सांगून बसले आहेत. दरवर्षी तू पालखी नाचवायचास तेव्हा आबा मिशीतून हसायचे, आठवतं ना? भागोजीपाशी तुझ्या पायाचं जुनं माप आहे. पण पलटणीच्या बुटात पाय पसरतो असं आबांचं म्हणणं, म्हणून नवं हवं. कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिल फिरवायची आणि कागद पाकिटातून धाडायचा, असा निरोप आहे. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

काय करायचं ते लवकर कळव. ह्यांचे तुला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई, चंद्रभागा


॥ श्री ॥
पुणे, लष्करी इस्पितळ, ता. २५ जानेवारी १९६३

ती. सौ. ताईस मुरारीचा शि. सा. न. वि. वि. तिळगूळ मिळाला. खलबत्ता इथे नाही, तेव्हा कॉटच्या पायानं फोडला. वॉर्डात वाटला, सगळ्यांनी गोड बोलायचं कबूल केलं आहे.

मापाचं जमणार नाही, ताई. कागद घेऊन बसलो होतो. उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरवली, आणि डावा ठेवायची वेळ आली तेव्हा कागद फाडून टाकला. आबांना सांग की रजा मंजूर नाही, शिमगा हुकला. पालखी दुसरा कोणीतरी नाचवील.

आता जरा हसण्यासारखं सांगतो. डॉक्टरांचा हुकूम आहे की हात रिकामे ठेवायचे नाहीत. कोणी टोपल्या विणतो, कोणी लोकर. शेजारच्या खाटेवर एक हवालदार आहे. तो लढाईचे छोटे देखावे करतो, माणसं, तोफा, खंदक, सगळं बोटाएवढं, पण हुबेहूब. त्याचं बघून मीही आमचं ठाणं करायला घेतलं. आपण दिवाळीत किल्ले केलेच आहेत, त्यात काय मोठंसं, असं वाटलं. ताई, पहिल्या खेपेला माझा शिपाई डोंगराएवढा झाला आणि खंदकात त्याचं नुसतं डोकंही मावेना! हवालदार इतका हसला की त्याचे टाके दुखले. मग त्यानं शिकवलं की आधी एक माप धरायचं. एक इंच म्हणजे तीन फूट. माणूस, दगड, तंबू, सगळं त्याच मापानं. मनाला येईल तसं लहानमोठं करायचं नाही.

डोंगर कागदाच्या लगद्याचा केला आहे, खळीत कालवून. माणसं तारेवर मेण चढवून. अडलंय ते बर्फावर. चुना लावला, तो वाळून तडकला. तांदळाचं पीठ भुरभुरवलं, तर सकाळी सगळ्या ठाण्यावर मुंग्यांनी ताबा मिळवलेला. तेव्हा सावरीचा कापूस मिळाला तर पाठव. आणि सावित्री नदीची बारीक रेती मूठभर.

दाजींना नमस्कार. तू माझ्यावरचा राग दोन दिवसांपेक्षा जास्त पुरवू नकोस.
तुझा मुरारी


॥ श्री ॥
महाड, ता. ४ फेब्रुवारी १९६३

चि. मुरारीस अनेक आशीर्वाद. ज्याला शाळेत सुईत दोरा ओवता यायचा नाही, तो आता बोटाएवढी माणसं करतो हे ऐकून ह्यांनी मला पत्र दोनदा वाचायला लावलं. कापूस आणि रेती पाठवते आहे. कापूस ह्यांच्या उशीतला आहे. दिवसभर एस.टी.त तिकिटं फाडून आलेला माणूस आता चपट्या उशीवर निजतो, एवढं ध्यानात ठेवून बर्फ पाड.

रजेचं मी सांगितलं. आबांना पटलंसं वाटलं. पण पोलादपुरात त्यांना कोणाचा तरी मुलगा पलटणीतून रजेवर आलेला भेटला. त्यानं सांगितलं की इस्पितळातल्यांना तर आधी रजा मिळते. तिथून आबा तडक इथे आले, ओट्यावर बसले आणि मला विचारलं की पोरगा आमच्यावर रुसलाय का? मुरारी, मला त्यांच्याकडे बघवेना. मी चहाच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीशी उभी राहून रडले. धूर आहे म्हणून निभावलं.

एक स्पष्ट विचारते. तू फक्त शिमग्याला येणार नाहीस, की कधीच येणार नाहीस? मला झोप नाही. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, अशी माझी गोधडी होत चालली आहे आणि ती कुठे ना कुठे उसवणार. तू आई-आबांना लिही. नाहीतर मला सांगू दे.

उत्तराची वाट बघते. प्रकृतीला जप, आणि आमच्याही जिवाला.
तुझी ताई


॥ श्री ॥
पुणे, ता. १९ फेब्रुवारी १९६३

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि. ठाणं पूर्ण झालं. दाजींच्या ओळखीचे कंडक्टर पुण्याच्या गाडीवर आहेत, त्यांच्याबरोबर खोका पाठवतो आहे. तो आडवा करू नये.

आत काय आहे ते सांगतो. मागे डोंगर, पुढे खंदक, बाजूला तंबू. दाजींच्या उशीचा बर्फ सगळीकडे आहे, फार छान बसला. चार माणसं आहेत. दोघे खंदकात, एक निशाणापाशी. चौथा जरा बाजूला दगडावर बसलेला आहे, तो मी. त्याचा डावा पाय पुढे आहे, पट्टी बांधलेला आणि अर्धाच.

आधी मी त्याला दोन्ही बूट घातले होते. उभाही केला होता. पण मग बाकी सगळं मापात आणि तेवढाच एक खोटा, असं दिसायला लागलं. रोज सकाळी बघायचो आणि तोच डोळ्यात खुपायचा. शेवटी मेण तापवलं आणि जसा आहे तसा केला. हवालदारानं पाहिलं आणि त्याच्या वाटची बिडी मला दिली.

ताई, मला लिहिता येत नाही. चार वेळा 'तीर्थरूप' लिहून थांबलो. तेव्हा हे ठाणं आई-आबांसमोर ठेव. त्यांना बघू दे, मग विचारतील ते खरं सांग. त्यांना सोसलं तर मला कळव. नाही सोसलं, पालखी नाचवणारा मुलगाच त्यांना हवा असला, तर इथे एका गोदामावर रखवालदाराची नोकरी मिळते आहे. मी इथेच राहीन. बसून करायचं काम आहे. मार्चच्या दहा तारखेपर्यंत गोदामवाल्यांना उत्तर द्यायचं आहे.

भीती गोळीची वाटली नव्हती तेवढी या खोक्याची वाटते. सांभाळून घे.
तुझा मुरारी


॥ श्री ॥
महाड, ता. २८ फेब्रुवारी १९६३

चि. मुरारीस अनेक आशीर्वाद. तू रागावशील, पण लिहिते.

खोका धक्का न लागता आला. उघडला आणि आम्ही दोघं त्याच्यापुढे खालीच बसलो. तो दगडावर बसलेला तू, मान जरा खाली, अगदी लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचास तसा. त्याच दुपारी आई-आबा आले. त्यांच्या पावलांची चाहूल लागली आणि माझा धीर सुटला. मी तंबूमागचा चिमूटभर कापूस काढला आणि त्या पायावर घातला. बर्फात पाय रुतल्यासारखा दिसला. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही रे.

आईनं तुला लगेच ओळखलं. कोणी सांगावं लागलं नाही. मीठमोहऱ्या घेऊन तिनं तुझी दृष्ट काढली, बाकी तिघांचीही काढली, त्यांच्याही आया असतील म्हणाली. आबा किती वेळ वाकून बघत होते. मी सांगायला तोंड उघडलं, पण आई इतकी हरखलेली होती की शब्द परत गिळला. मग ती हटूनच बसली की मुरारीचा किल्ला घरी न्यायचा. आबांनी पोलादपूरपर्यंत एस.टी.त मांडीवर आणि पुढे चढण डोक्यावर, असा तो वाडीवर नेला. आता तो पडवीत आहे आणि सारी वाडी बघून जाते आहे.

चार दिवस झाले. माझं अन्नावर मन नाही. परवा मी वाडीवर जाते आणि सांगून टाकते. तोवर त्या नोकरीला हो म्हणू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे.
तुझी भित्री ताई


॥ श्री ॥
वाडीवरून, ता. ४ मार्च १९६३

चि. मुरारीस अनेक आशीर्वाद. मी सांगायला आले, पण सांगायचं काही उरलंच नव्हतं.

तू दिवाळीत किल्ला करायचास तेव्हा त्यावर पेरलेल्या नाचणीला पाणी कोण शिंपडायचं? आईच ना? तिला हाही किल्लाच. डोंगर इतका उघडा ठेवून पोरानं धाडला, त्याला सवड मिळाली नसेल, असं म्हणून तिनं लगद्यात नाचणीचे दाणे खोचले आणि रोज सकाळी तुळशीला घालून उरलेलं पाणी ठाण्यावर शिंपडलं. तिला कोणी अडवलं नाही. बर्फावर काही उगवत नाही हे या वाडीत कोणाला ठाऊक?

खळ सुटली. डोंगराची एक बाजू कशेडी घाटातली दरड यावी तशी खाली आली. कापूस भिजून बसला आणि मी झाकलेला पाय उघडा पडला. आईनं तो पाहिला. मी पोचले तेव्हा ती खोक्यापुढे बसून होती. माझ्याकडे न बघता तिनं एवढंच विचारलं की दुखतं का त्याला अजून. मी सारं सांगितलं. ती रडली नाही. मला म्हणाली की तू एवढे दिवस एकटीनं कशाला वाहिलंस, आणि मग मीच रडले.

आबा घरात नव्हते. ते त्या दिवशी पहाटेच तुझं ते मेणाचं माणूस मुंडाशाच्या पदरात बांधून महाडला उतरले होते, माझ्या दारावरून गेले आणि मला कळू दिलं नाही. संध्याकाळी परत आले. आता समोर बसले आहेत आणि मी सांगेन तसंच लिही, सुधारू नकोस, अशी ताकीद आहे. तेव्हा खाली त्यांचेच शब्द.

मुरारी, चंद्री म्हणते आदी आशीर्वाद लिवायचा नि शेवटाला लोभ असावा म्हनायचं. आशीर्वाद घे. लोभ हाय, तो लिवून काय वाढायचा नाय.

तू कागदावर लिवलं नायस ते बरं केलंस. लिवतास तर ह्या चंद्रीनं मधलं गाळून वाचलान असतं. आता डोळ्यानं बगितलं. तुजी आये रडली नाय असं ही लिवते. ती गोठ्यात जाऊन रडली, ते मला म्हाईत हाय. मी पन तितंच व्हतो.

पालखी नाचवायला वाडीत पोरं हायेत. तू दारात बसायचं. शिमग्याला देव आपल्या दारी येतो रे, आपुन त्याच्याकडं चालत जात नाय. मग तुला पायाची कसली काळजी? रखवाली करायची तर आपल्या आंब्याची कर. माकडं लय झालीत.

भागोजीकडं तुजं मानूस घेऊन गेलो. तो म्हनला अंगठ्याएवढ्या मानसाचं माप कसं घेऊ. मी म्हनलं माप जुनंच घाल. वहाना नको, पुढनं बंद असा जोडा कर, दोनी पाय सारके. त्यानं हातातलं काम बाजूला टाकून दुपारपावतर करून दिलान. डाव्यात पुढं जागा ऱ्हाते, तितं तुज्या आयेनं कापूस भरलान. तुज्या डोंगरावरला भिजलेला कापूस तिनं उनात वाळवला, बोटानं पिंजला, आनि त्योच घातलान. हात घालून बगितला मी, मऊ हाय.

जोडा उंबऱ्याशी ठेवलाय. येऊन घाल.

सोनबा याचा अंगठा