छडीविरुद्धच्या ठरावाचा सूचक

सोलापूर, ता. ९ मार्च १९३३

प्रिय जोतीराम,

तू, मी आणि या जिल्ह्यात हातात खडू धरणारा प्रत्येक प्राथमिक शिक्षक, आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. सत्तर मुलं एका खोलीत कोंडायची, वर पत्रा घालायचा, आणि मग मास्तरालाच विचारायचं, तुमच्या वर्गात एवढा गलका का? गेल्या वर्षी बार्शीच्या सभेत मी हे म्हणालो तेव्हा पहिली टाळी तुझी पडली होती. आज तेच गाऱ्हाणं माझ्या तोंडी शोभत नाही.

माझा वर्ग तू पाहिलेला नाहीस. दुसरी इयत्ता, पटावर अडुसष्ट. काहींच्या घरी तेलुगू, काहींच्या कानडी, काहींच्या दखनी. भांडतात मात्र सगळी मराठीत. विणकरांच्या घरात दिवसभर माग खडखडतो, त्यामुळे ती पोरं शेजारच्याकडे पेन्सिल मागतात तीही आरोळी ठोकून. धनगराच्या येडूनं एकदा कोकरूच आणलं. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाला, "घरी कुणी न्हाय गुर्जी, त्ये एकटं लई रडतंय की." कोकरू ओरडलं आणि मग सगळा वर्ग कोकरासारखा ओरडला. गोणपाटाच्या पडद्यापलीकडे हरिबा मास्तरांची तिसरी बसते. त्यांच्या टेबलावर छडी असते आणि वर्ग चिडीचूप असतो. त्यांनी पडद्यातून डोकं काढलं आणि म्हणाले, "सिद्धनाथराव, हजार माणसं गप बसवता म्हणं तुमी. एवढी चिल्लर तेवढी राहिली व्हय?" मुलं हसली. मीही हसलो, पण ते लागलं.

पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात असताना आपण दोघांनी ठरवलं होतं, मुलाच्या अंगाला हात लावायचा नाही. सात वर्षं मी ते पाळलं. त्यावर बोललो, लिहिलं, वाचनालयातली शिक्षणावरची पुस्तकं उपसली. आणि छडीच्या जागी एक युक्ती काढली: दुपारच्या सुट्टीनंतर पाव तास मौन. तोंडातून आवाज काढायचा नाही, पाटीवर पाढा लिहायचा. दोन दिवस जमलं, चार दिवस फिसकटलं, पण मला त्या युक्तीचा अभिमान होता.

सत्तावीस फेब्रुवारीचा सोमवार. पत्रा तापलेला, सकाळपासून ओरडून माझा घसा बसलेला. मौन सुरू झालं. मी फळ्याकडे वळलो आणि मागून फिस्सकन हसण्याचा आवाज आला. वळून पाहतो तर दाक्षायणी, वर्गातल्या सात मुलींपैकी एक, तोंड वेडंवाकडं करत होती. ओठ ताणत होती, जीभ दाताला लावत होती, आवाज काही नाही. समोर येडू तिच्याकडे टक लावून, खांदे हलवून हसत होता. मला वाटलं, माझ्या भाषणाची नक्कल चालली आहे. मी तीन ढांगांत तिच्यापाशी गेलो आणि तिच्या कानाखाली मारली.

पाटी पडून फुटली. ती रडली नाही, कानावर हात धरून बसली. वर्ग एकदम शांत झाला. जोतीराम, तुझ्यापासून काय लपवू, ती शांतता मला आवडली. घोटभर पाणी पिऊन मी खुर्चीवर बसलो आणि मनात म्हणालो, शांत वर्ग असा असतो तर.

मंगळवारी ती आली नाही, बुधवारी नाही. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिचं घर शोधत गिरणीमागच्या चाळीत गेलो. वडील शिवप्पा, बारा वर्षं गिरणीत मागावर. त्या खडखडाटात कान गेलेले. आई कस्तुराबाई तिथंच सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात. मला बघताच शिवप्पांनी घोंगडी झटकून अंथरली, हात जोडले. आई त्यांच्याकडे तोंड करून काही बोलली. ओठ ताणून, जीभ दाताला लावून, आवाज काही नाही. सोमवारी वर्गात पोरीचं तोंड असंच हलत होतं.

"आमच्यात असंच बोलत्यात गुर्जी," ती म्हणाली. "मागापाशी कुटं ऐकू येतंय? समदी व्हटानंच बोलत्यात. घरात बी तसंच. पोरीला त्येच वळण." मग नवऱ्याकडे पाठ करून, "ती त्या येडूला सातचा पाढा सांगत व्हती. त्येला येत न्हाय. तुमीच म्हनला व्हता न्हवं, आवाज काडू नगा. तिनं काडला न्हाय."

सिव्हिल हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं सांगितलं आहे, कानाचा पडदा फाटला आहे, भरेल किंवा भरणार नाही. नवऱ्याला कस्तुराबाईनं सांगितलं होतं, पोर पायरीवरून पडली. "खरं कळलं तर शाळा सोडवत्याल तिची," म्हणाली. निघताना शिवप्पा चाळीच्या तोंडापर्यंत आले, पुन्हा हात जोडले. पोर पडली म्हणून मास्तर घरी येतो, याचं त्यांना कौतुक वाटलं होतं. त्यांना ओठांवरून सगळं कळतं, आणि मला एक शब्दही उच्चारता आला नाही.

या सोमवारी दाक्षायणी कानात कापूस घालून परत आली. आता ती पाढा सांगत नाही, माझ्या ओठांकडे बघत बसते. फळ्याकडे वळून बोललो की तिची पेन्सिल थांबते, मग मी वळतो आणि पुन्हा सांगतो. बाकीची मुलं गप्प असतात. मी म्हटलं, बोला रे, गोष्ट सांगा कुणीतरी. कुणी तोंड उघडलं नाही. येडूला कोकराबद्दल विचारलं, तर त्यानं हात डोक्यावर धरून मान खाली घातली. परवा मंगळवारी डेप्युटीसाहेब तपासणीला आले आणि शेरा लिहून गेले: दुसरीच्या वर्गाची शिस्त उत्तम. हरिबा मास्तरांनी पडदा बाजूला करून मला नमस्कार केला. माझी युक्ती चालेना, माझी वाणी चालेना, आणि जे चाललं ते आता परत घेता येत नाही.

रविवारी, एकोणीस तारखेला मोहोळच्या शिक्षक सभेत शाळेतून छडी हद्दपार करण्याचा ठराव आहे आणि सूचक म्हणून माझं, अनुमोदक म्हणून तुझं नाव छापलं आहे. मी येणार नाही. ठराव मागे घेऊ नकोस, माझ्यासारख्यांसाठीच तो हवा आहे. पण मी उभा राहिलो तर चांगलं बोलेन, याचीच मला भीती वाटते. या पोरीच्या कानाचंही मी व्याख्यान करीन, लोकांना रडवीन आणि टाळ्या घेऊन घरी येईन. म्हणून ठराव तू मांड, आणि मांडण्याआधी हे पत्र पहिल्या ओळीपासून सभेत वाचून दाखव. मुलीचं आणि तिच्या आईबापांचं नाव तेवढं गाळ. माझं गाळू नकोस.

तुझाच,
सिद्धनाथ