चावडीत अडकलेले वाटाण्याचे सोळा डबे

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तालुका कचेरी, दहिवडी, जि. सातारा

अर्जदार: भामाबाई हिंदुराव काटकर, मु. पिंपळमाळ, ता. माण

विषय: ओट्यावरचा वाटाणा शेतात दाखवला गेल्याबद्दल व तो सोमवारच्या आत परत मिळण्याबद्दल.
संदर्भ: चालू सालची रब्बी पीकपाहणी.

महोदय,

१. अर्जदार बाईंना लिहिता येत नाही, सबब त्यांची हकीकत खाली सही करणारा लिहून देत आहे. त्या सांगतील तसेच लिहायचे ठरले होते. तलाठ्यांविषयीचे काही शब्द तेवढे गाळले आहेत.

२. बाईंचा मुलगा केरू पलटणीत आहे. गेल्या रजेला त्याने जालंदरहून वाटाण्याचे बी आणले. गावाला पिण्याचे पाणी टँकरचे, तेव्हा शेतात पेरण्याची सोय नाही. बाईंनी तेलाच्या सोळा रिकाम्या डब्यांना बुडाशी भोके पाडली, माती-शेणखत भरले, कार्तिकात बी टोकले आणि वेल सुतळीने वळचणीला चढवले. पाणी घातले ते भांडी विसळलेले. मार्गशीर्षात लढाई लागली. पुढे दीड महिना केरूचे पत्र नाही. बाई रोज सकाळी वेलाशी बसून शेंगा मोजत. दिवस मोजायची त्यांना भीती वाटे.

३. अशात तलाठी नाथाजी पीकपाहणीस आले. बाईंचे शेत दीड मैलावर आणि उन्हात. ओटा सावलीत, शिवाय चहा. त्यांनी बसल्या जागी विचारले, "मावशी, यंदा काय पीक?" पाहुणा डब्यांचे कौतुक करतोय असे वाटून बाई म्हणाल्या, "वाटाणा हाय की. लय लागलाय." तलाठ्यांनी लिहिले: वाटाणा, बागायत, दोन एकर.

४. काटकरणीने टँकरच्या पाण्यावर दोन एकर भिजवले अशी गावभर बोंब झाली. पंचांनी शेत पाहिले. तिथे फक्त ढेकळे होती. चूक सर्वांना कळली. परंतु नाथाजींचे म्हणणे, चौकशी होईतो पीक ताब्यात हवे. शेत उचलता येईना, म्हणून डबे उचलले. ते आता चावडीच्या अंधाऱ्या खोलीत आहेत. कोतवालास पाणी घालण्याचा हुकूम नाही. शेंगा निबर होत चालल्या आहेत.

५. परवा कार्ड आले. केरू सुखरूप आहे आणि सोमवारी लोणंदला उतरतो आहे. तरी डबे त्याआधी सोडावेत. ते न जमल्यास कोतवालास रोज दोन तांबे पाण्याचा हुकूम तरी व्हावा, ही विनंती.

६. नाथाजींनी एक तोड सुचवली आहे. 'घरी वाटाणा कधी नव्हताच' असे बाईंनी लिहून द्यावे, म्हणजे नोंदही खोडतो आणि डबेही आजच देतो. खाली सही करणाऱ्याने बाईंना तासभर समजावले. त्या म्हणाल्या, "पोरगं लढाईत हुतं तवा माझ्या घरात तेवढंच जित्तं हुतं. न्हवतं म्हणून अंगठा कसा लावू?" त्यानंतर समजावणे बंद केले आहे.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारी,
भामाबाई हिंदुराव काटकर
(डाव्या हाताचा अंगठा)

लिहून देणार: तात्याबा, अर्जनवीस
दहिवडी, ता. २ फेब्रुवारी १९७२

सोबत: केरूचे कार्ड, एक. साहेबांनी पाहून लगेच परत द्यावे. बाई कचेरीच्या पायरीवर बसल्या आहेत, ते हातात पडल्याशिवाय उठणार नाहीत.