उन्हाळाभर चार वर्षांची

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (खोली एवढी अरुंद आहे की आठही अंगं एका वेळी टेकवता येत नाहीत, तेव्हा टेकतील तेवढी गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? आई तुझ्याकडे राहायला आली आहे असं कळलं. तिची चौकशी मी करत नाही. मी निघताना ती शेजाऱ्यांसमोर म्हणाली, "स्वतःच्या चादरीची घडी घालता येत नाही, आणि ही लोकांना मुलं वाढवायला शिकवणार." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे आणि त्यात माझी काडीचीही चूक नाही.

आता इथली कथा ऐक. सुट्टीतली इंटर्नशिप म्हणून कॉलेजनं मला इथल्या वस्तीत पालकांसाठी चालणाऱ्या वर्गात मदतीला धाडलं. मुलांच्या हट्टावर मी चांगलं लांबलचक व्याख्यान तयार करून आणलं होतं, रंगीत तक्त्यांसकट. वर्ग चालवणाऱ्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं (फार वेळ लागला नाही, माझी उंची तुला माहीतच आहे) आणि म्हणाल्या, "तू मूल हो." पालकांना सरावासाठी चार वर्षांचं हट्टी मूल लागतं म्हणे. खरी मुलं शेजारच्या खोलीत चित्रं रंगवतात, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी सतरंजीवर हातपाय आपटत लोळते. माझे तक्ते ऊन अडवायला खिडकीला लावले आहेत.

आणि ते पालक. बँकेतले एक कारकून आहेत, मी खेळणं हवं म्हणून टाहो फोडला तर म्हणाले, "उद्या या." एक नर्सबाई आहेत, मी रडायला लागायच्या आधीच त्यांनी माझं नाक असं पुसलं की ते अजून लाल आहे. वर बाई मलाच ऐकवतात की माझ्या हट्टात जोर नाही. माझ्या हट्टात, मावशी. आईला विचार. (नको, विचारू नकोस.)

परवा मात्र कहर झाला. मोठ्यांशी भांडून रुसलेलं मूल व्हायचं होतं, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसले. समजूत काढायला आले बस चालवणारे काका, ज्यांचा आवाज एरवी रस्त्यापर्यंत जातो. ते शेजारी कशीबशी मांडी घालून बसले आणि हळूच म्हणाले, "मघाशी मी जरा जास्तच बोललो. चुकलं माझं." मला खरंच रडू फुटलं आणि काही केल्या थांबेना. वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "आज कुठं तुझा अभिनय सुधारला." याचा मला अजून संताप येतो आहे. नंतर त्यांनी फळ्यावर नियम लिहिला, की भांडणानंतर आधी मोठ्या माणसानं बोलायचं.

तुझी,
विनाकारण लोळवलेली भाची

ता. क. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

आणखी एक ता. क. दाखवलंसच तर बसवाल्या काकांपासून पुढचं जरा आवाज चढवून वाच, म्हणजे तिला स्वयंपाकघरात ऐकू जाईल.

शेवटचा ता. क. चादरीची घडी मी रोज घालून पाहते. चारही कोपरे एकटीला धरता येत नाहीत. घरी दुसरं टोक तीच धरायची. नियम अजून फळ्यावर आहे, आणि बाईंच्या हुकमानं मी उन्हाळाभर चार वर्षांची आहे. माझा फोन संध्याकाळी सहानंतर चालू असतो. (सहाच्या आधीही असतो.)